जावयाने टांगलेला रॅक

भुकटी लाल पडत होती.

आधी रंगाची पांढरी पडली, मग प्लॅस्टरची राखाडी, आणि मग एकदम विटकरी लाल. गॅरेजच्या फरशीवर तिचा लहानसा ढीग झाला होता. मी त्याच्याकडे बघत होते.

"दाजी, थांबा जरा," मी म्हणाले.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, शैलाताईंचे यजमान, उदयसिंह. स्टुलावर उभे, डोक्यावर टोपी, हातात ड्रिल मशीन. त्या घरघराटात त्यांना ऐकू गेलं नसावं. पुढच्याच क्षणी मशीन एकाएकी बोटभर वर घुसलं आणि त्यांचा तोल जाता जाता राहिला. माझ्या नवऱ्याने, धैर्यशीलने, स्टूल धरलं होतं म्हणून बरं.

"लोणी आहे लोणी!" दाजी खूश होऊन म्हणाले. "असा स्लॅब पाहिजे. मशीनला त्रास नाही."

"काँक्रीटमध्ये लोणी लागत नाही, दाजी. भुकटी लाल आहे. आत पोकळी आहे."

"जुनं घर आहे वहिनी. विटेचा एखादा तुकडा आला असेल मध्ये."

"स्लॅबमध्ये वीट कशी येईल?"

त्यांनी धैर्यशीलकडे बघून डोळा मिचकावला. "पाहुण्या, ही फौंड्री जरा आत पाठव की. चहा तरी होईल."

धैर्यशील हसला. दाराशी बसलेल्या सासऱ्यांनी पेपरचं पान उलटलं. मी हसले नाही, आणि आतही गेले नाही.

मी त्या वेळी कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत प्रयोगशाळा सांभाळत होते. ओतीव लोखंडाचे नमुने यंत्रात धरून ताणायचे, कुठल्या वजनाला तुटतात ते नोंदवायचं, हे माझं काम. थोडक्यात, वस्तू मोडून बघण्याचा मला पगार मिळायचा. घरात याची पुष्कळ थट्टा व्हायची. मला राग यायचा नाही. थट्टा थट्टेपुरती असेल तर मला चालते.

रॅकचा विषय नव्या गाडीमुळे निघाला होता. गाडी रुंद. गॅरेजमध्ये ती आली की भिंतीकडेच्या सामानाला ती टेकायची. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची मोठी लोखंडी पेटी तिथेच होती, शिवाय गणपतीचं मखर, गाद्या, जुने पंखे. मी सुचवलं होतं की मागच्या भिंतीला जमिनीवर उभा राहणारा रॅक करू, चार पायांचा. वजन जमिनीला जाईल. दाजींचं जयसिंगपूरला रॅकचं दुकान होतं. त्यांनी फोनवर चित्रं पाठवली: छताला चार कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या, त्यांना टांगलेला जाळीचा माळा, आणि खाली झकास गाडी.

"अडगळ वर, माणसं खाली," ते म्हणाले होते. "दोनशे किलो बिनधास्त टाका. आणि हा आमच्याकडून आहेर समजा. पैशाचं नाव काढायचं नाही."

तिथे विषय संपला. जावई स्वतःहून काही देतोय म्हटल्यावर कुठला रॅक बरा, ही चर्चा आमच्या घरात शक्य नव्हती. त्यातून त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, ताटात अनारसे आणि दिवा ठेवून जावयाला वाण द्यायचं. रविवारी दोघं जेवायला येणार होते. आदल्या दिवशी, शनिवारी, दाजी एकटेच मशीन घेऊन रॅक बसवायला आले.

मी स्टुलापाशी उभी राहिले आणि बघत राहिले. भोकात घातला की आत फुगून घट्ट बसतो असा जाड बोल्ट होता, फास्टनर म्हणतात त्याला. भिंतीकडच्या बाजूचे बोल्ट नीट आवळले गेले. दारासमोरच्या बाजूचे आवळले जाईनात. पान्याबरोबर नुसते गरागरा फिरत राहिले.

"फिरतंय," धैर्यशील म्हणाला.

"बसवतो की. काडेपेटी आण."

धैर्यशीलने देवघरातली काडेपेटी आणली. दाजींनी मूठभर काड्या भोकात कोंबल्या, बोल्ट ठोकून घातला, वरून पांढरं सिमेंट लिंपलं आणि अंगठ्याने ते छान गुळगुळीत केलं. मग रॅकला दोन्ही हातांनी लोंबकळून पाय वर उचलले.

"झालं? पंच्याऐंशी किलोचा जावई लटकलाय. अजून काय पाहिजे, वहिनी?"

"तुम्ही घट्ट बाजूला लटकलात," मी म्हणाले. "या बाजूला या."

ते खाली उतरले. हसणं थांबलं होतं. "वहिनी, तुम्ही लोखंड मोडता, मी लोखंड टांगतो. ज्याचं त्याला करू द्या."

ते गेल्यावर मी धैर्यशीलशी बोलले. तो म्हणाला, "त्यांचा धंदाच आहे तो. शेकडो रॅक बसवलेत त्यांनी." मी म्हणाले, काड्यांवर? तो म्हणाला, "अनुराधा, उद्या ते जेवायला येतायत. उद्याचा दिवस जाऊ दे." मी म्हणाले, उद्या संध्याकाळी तू आईंची पेटी वर चढवणार आहेस. त्यावर तो अंघोळीला निघून गेला.

संध्याकाळी सासरे गॅरेजमध्ये बसले होते. उन्हाळ्यात त्यांची ती जागाच होती. गाडी बाहेर असली की शटर उघडं टाकायचं, दाराशी आरामखुर्ची घ्यायची, पेपर वाचायचा आणि रस्ता बघायचा. त्यांच्या शेजारी जमिनीवर आमची मुक्ता आणि तिच्या मैत्रिणी कॅरम खेळायच्या. गॅरेज घरातल्या सगळ्या खोल्यांपेक्षा थंड असायचं. आता खुर्ची आणि कॅरम, दोन्हींच्या डोक्यावर रॅकची ती दारासमोरची बाजू आली होती.

मुली गेल्यावर मी झाडणीची काठी घेतली आणि छत ठोकत गेले. ठक, ठक, आणि मग ढब. पुन्हा ठक. पुन्हा ढब. ठराविक अंतराने आवाज बदलत होता.

"अप्पा, या स्लॅबमध्ये काय घातलंय?"

त्यांनी पेपरची घडी घातली. ते ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले होते. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं.

"कौलं," ते म्हणाले.

"कौलं?"

"त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. सळ्यांच्या चौकटी बांधायच्या, प्रत्येक चौकटीत दोन कौलं एकावर एक पालथी घालायची, आणि कडेनं काँक्रीट. स्लॅबला काही होत नाही. सिमेंट वाचतं, घर थंड राहतं. तुझ्या सासूला फार कौतुक होतं त्याचं."

"म्हणजे चौकटीच्या मध्ये बोल्ट गेला तर तो पोकळीत जाणार."

"जाणारच."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला वाटलं मीच काही चुकीचं ऐकलं.

"सकाळी तुम्ही इथेच होतात, अप्पा. लाल भुकटी तुमच्यासमोर पडली."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. समोरून भाजीची गाडी गेली.

"शैला दोन महिने इथं येऊन बसली होती, आठवतं तुला? धाकटीच्या बाळंतपणाला. तिची सासू काय काय बोलली होती, आणि कशावरून? लग्नातल्या मानपानावरून. दहा वर्षांनी. आम्ही जावयाच्या काकांना फेटा बांधला नाही म्हणून. मग दाजींनी येऊन तिला नेलं. त्या दिवशी मी ठरवलं, या घरातून त्या माणसाला उणा शब्द जाणार नाही. स्टुलावर चढलेल्या जावयाला खाली उतर, तुला कळत नाही, असं सांगू? संध्याकाळी ते शैलाला ऐकावं लागलं असतं."

"आणि रॅक पडला तर?"

"हलकंच ठेवू काहीतरी वर. मखर ठेवू."

"धैर्यशील पेटी ठेवणार आहे."

"सांगेन मी त्याला."

"काय सांगाल?"

त्यांनी मांडीवरच्या पेपरची घडी सरळ केली.

"अप्पा, मुक्ता इथे खेळते."

"खुर्ची तर माझीच आहे इथं," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा उघडला. जणू त्यांनी स्वतःचं डोकं देऊ केलं की बाकीच्यांचा हिशेब मिटतो.

मी रात्री पुरण शिजवलं. सकाळी धोंडे वळले, अनारसे तळले. एकही फसला नाही. मला राग आला की माझे हात फार नीट चालतात.

जेवणाची वेळ होत आली तेव्हा मी मुक्ताला शेजारी मैत्रिणीकडे पाठवलं, गाडीची किल्ली घेतली आणि गाडी रस्त्यावर काढून लावली. शिडी लावून रॅकच्या दारासमोरच्या बाजूला शंभर लिटरचा बुटका टब रिकामा चढवला. बागेतला पाइप त्यात सोडून जाळीला बांधला. नळ बाहेर, कंपाउंडच्या कोपऱ्यात होता. तो उघडायला कुणालाही रॅकखाली जायची गरज नव्हती.

धैर्यशील नवा सदरा घालून बाहेर आला. "हे काय चाललंय?"

"शंभर किलो ठेवून बघतेय."

"आत्ता?"

"ते असताना. मागाहून कोणी म्हणायला नको की मी काही केलं."

तेवढ्यात फाटकाशी दाजींची गाडी थांबली. शैलाताई उतरल्या, अंगावर जरीची साडी, हातात आंब्यांची पिशवी. त्यांच्या मुली आल्या नव्हत्या. सकाळी त्यांचा नाचाचा सराव होता, त्यामुळे आजीजवळ राहिल्या होत्या. दाजींनी वर बघितलं आणि मोठ्याने हसले.

"अरे वा! आज रॅकला अंघोळ? की अधिकाचं वाण रॅकलाच देताय?"

"दाजी, तुम्ही दोनशे किलो म्हणालात. हा टब शंभर लिटरचा आहे. म्हणजे निम्मंच. आपण सगळे इथे बाहेर उभे राहू, मी नळ सोडते. राहिला तर मी तुमची माफी मागेन आणि मग पानं वाढेन."

त्यांचं हसू मावळलं. "म्हणजे माझी परीक्षा घेताय."

"रॅकची."

"शैला, गाडीत बस. जेवलो आपण."

"दाजी, दाजी," धैर्यशील पुढे झाला. "तिचं काय मनावर घेता. अनुराधा, बंद कर हा तमाशा. बंद कर म्हणतो ना!"

मी नळाकडे चालू लागले. तेवढ्यात अप्पा घरातून आले. धोतर, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. ते सरळ गॅरेजमध्ये गेले आणि आरामखुर्चीत बसले. टबच्या बरोबर खाली.

"सोड पाणी," ते मला म्हणाले. "माझा जावयावर विश्वास आहे."

हा सगळा प्रकार घडून आता बरीच वर्षं झाली. तरी ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. आदल्या संध्याकाळी ज्यांनी मला कौलं कशी पालथी घातली ते समजावून सांगितलं, तेच गंध लावून त्या कौलांखाली येऊन बसले होते. आणि धैर्यशीलच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. दाजींच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"अप्पा," मी म्हणाले, "वर कौलं आहेत हे तुम्हीच मला काल सांगितलंत."

"कसली कौलं?" दाजींनी विचारलं.

अप्पा रस्त्याकडे बघत होते.

"नाही म्हणा," मी म्हणाले. "तुम्ही एकदा नाही म्हणा, मी पाइप गुंडाळून ठेवते."

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

मी दाजींकडे वळले. "स्लॅब आतून पोकळ आहे. सगळीकडे नाही, चौकटी-चौकटींत. या बाजूचे बोल्ट पोकळीत गेलेत. म्हणून फिरत होते. म्हणून तुम्ही काड्या कोंबल्या."

"काड्या?" शैलाताईंनी विचारलं.

"काडेपेटीच्या. वरून पांढरं सिमेंट लावलंय."

शैलाताईंनी नवऱ्याकडे बघितलं.

"सगळेच घालतात," दाजी म्हणाले. "धंद्यात चालतं हे. बोल्ट जरा सैल लागला की काडी घालायची. त्यात काय एवढं?"

शैलाताईंनी आंब्यांची पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवली. मग पदर खोचला आणि त्या गॅरेजमध्ये गेल्या. त्यांनी अप्पांचा दंड धरला.

"उठा अप्पा."

"तू यात पडू नकोस बाळ. तुझ्यासाठीच मी—"

"माझ्यासाठी काय?"

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"उठा म्हणतेय ना."

त्यांनी वडलांना उठवून बाहेर आणलं, फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवलं. मग माझ्यापाशी आल्या, मला जरा बाजूला केलं आणि नळ स्वतः सोडला. पूर्ण सोडला.

टबच्या तळावर पाणी आपटल्याचा आवाज आला. मग तो आवाज जाड होत गेला. पाइप मधूनच हिसका देत होता. मला वाटतं टब निम्मा भरला असेल तेव्हा एका पट्टीच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली आणि पिठासारखं काहीतरी खाली गळू लागलं.

"मागे व्हा," मी म्हणाले.

मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. बोल्ट दातासारखे मुळासकट सरकून बाहेर आले, पुढची बाजू फळीसारखी खाली कलली, आणि टब घसरत येऊन आरामखुर्चीवर आदळला. खुर्चीचा एक हात मोडला. खुर्ची मागे उलटली. लालसर पाणी उंबऱ्यावरून वाहत दाजींच्या बुटांपर्यंत आलं. ते दोन पावलं मागे सरकले.

"झालं समाधान?" धैर्यशील म्हणाला. मला.

"स्लॅबच फसवा," दाजी म्हणाले. "मला कोणी सांगितलं होतं का? आतमध्ये काय घातलंय ते मला स्वप्नात दिसणार होतं?"

"खरं आहे," अप्पा कट्ट्यावरून म्हणाले. "दोष आमच्या स्लॅबचा आहे, दाजी. तुमच्या हाताला यश आहे. अनुराधा, चारचौघांत असं करायला नको होतंस. दाजींची माफी माग. आणि पानं वाढ."

मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या खुर्चीकडे. ते मिनिटभरापूर्वी तिच्यात बसले होते.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"माफी मागणार नाही. आणि पानंही मी वाढणार नाही."

त्या घरात येऊन मला चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत अप्पांना मी पहिल्यांदा नाही म्हणत होते. धैर्यशील माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच छतातून खाली आले आहे.

शैलाताई पाण्यात उतरल्या होत्या. साडीचे काठ भिजत होते. त्यांनी वाकून एक बोल्ट उचलला. त्याला पांढऱ्या सिमेंटचा गोळा चिकटलेला होता, आणि त्यात काड्या. त्यांनी गोळा बोटांनी दाबला. काड्यांचा भुगा त्यांच्या तळहातावर पडला. काही काड्यांना अजून गुल होता.

मग त्यांनी पर्समधून फोन काढला. हात ओले होते म्हणून फोन बॉनेटवर ठेवला, स्पीकर लावला.

"कुणाला?" दाजींनी विचारलं.

"हॅलो, आई? मुली कुठं आहेत?"

"आत्ताच जेवून आडव्या झाल्यात," पलीकडून त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला. ठणठणीत, जरबेचा. या आवाजाबद्दल आमच्या घरात इतकी वर्षं दबक्या सुरात बोललं जायचं. "का गं? पोचलात ना? वाण दिलं का त्यांनी?"

"कुठं झोपल्यात? त्यांच्याच खोलीत?"

"मग काय अंगणात झोपतील?"

"त्यांना उठवा, आई. पलंगावरून उठवून बाहेर आणा आणि खोलीला कडी घाला."

"आता गं का? झोपल्यात की दोघी."

"शैला," दाजी म्हणाले, "फोन दे इकडं."

शैलाताईंनी फोन उचलून छातीशी धरला आणि त्या गाडीच्या पलीकडे गेल्या. बोलताना त्यांचा आवाज मुळीच चढला नाही.

"मुलींच्या पलंगावर यांनी दिवाळीत रॅक टांगला ना, तसाच इथंही टांगला होता. तो आत्ता आमच्या डोळ्यांसमोर खाली आला. खाली अप्पांची खुर्ची होती. आपल्याकडचे बोल्टही असेच फिरत होते, आई. यांनी काड्याच घातल्या होत्या. काडेपेटी मीच दिली होती."

अप्पांनी डोळे मिटले. धैर्यशीलने दाजींकडे बघितलं आणि मग दुसरीकडे. आम्ही सगळे त्या बाईंच्या उत्तराची वाट बघत उभे होतो. आता त्या काय बोलतील, कुणाला बोलतील, किती वर्षं बोलत राहतील.

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांची फटफट, लांब जाणारी, घाईची. एक दार भिंतीवर आपटलं.

"उठा गं," लांबून ऐकू आलं. "उठा दोघी. उशी राहू दे तिथंच. आधी बाहेर या."